मैत्रिणीपाशीच रडता येतं, मित्रांपाशी का नाही?

अर्धविराम (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ११:४०

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा आणि तोही असल्या विषयावर, तेव्हा सांभाळून घ्या. थोडी लांबण लागणार आहे.

वय चाळिशीच्या अलीकडे. गेल्या वर्षी नोकरी गेली. आधी चार महिने वास येत होता, पण गेली ती गेलीच. नोकरी गेल्याचं बायकोला अर्थातच माहीत होतं. रात्री दोन वाजता छातीत काय धडधडतं ते माहीत नव्हतं. तिच्यासमोर मी 'होईल गं काहीतरी' याच सुरात वावरायचो. मित्र आहेत, चांगले पाच-सहा जण, दर आठवड्याला भेटणारे. त्यांनाही सांगितलं. एकाने पाठीवर थाप मारली, एकाने 'सीव्ही पाठव' म्हटलं (आणि खरंच चार ठिकाणी फिरवला, खोटं कशाला बोलू), आणि गाडी क्रिकेटवर गेली.

उरली मैत्रीण. पहिल्या नोकरीपासूनची, चौदा वर्षांची. तिला मी सगळं सांगितलं. मुलाखतीत माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोराने केलेला पाणउतारा, लिफ्टमध्ये एकटा असताना फुटलेलं रडू, जुन्या ऑफिसचं ओळखपत्र अजून पाकिटात ठेवलंय ते. रोज रात्री दहाच्या पुढे फोन. कधी वीस मिनिटं, कधी दीड तास. ती ऐकायची. मध्येच एखादा प्रश्न असा विचारायची, की उत्तर देता देता माझी मलाच वाट दिसायची. सात महिने हे चाललं.

मग एक दिवस तिचा मेसेज. 'आज नको. खरं तर हा महिनाभर नको. रागावले नाहीये, पण माझ्यात आता शिल्लक नाही.'

मी दुखावलो. दोन दिवस मनातल्या मनात तिच्याशी भांडलो. तिसऱ्या दिवशी दोघांच्या ओळखीतल्या एकाकडून सहज बोलता बोलता कळलं, की तिच्या आईचं मोठं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. त्या तीन आठवड्यांतही मी रोज फोन करत होतो. तिने सांगितलं नाही म्हणावं, तर मी विचारलं कधी होतं? फोन उघडून मोजत बसलो. फोनमध्ये सापडले तेवढे एकशे सत्तावीस कॉल. त्यातले तिने लावलेले नऊ.

निखळ मैत्री असते की नसते, यावर इथे शंभर धागे झाले असतील, ते उकरायचं नाहीये. मला विचारायचंय ते देण्याघेण्याचं. तुमच्याकडे मित्र-मैत्रिणीत आधाराचं येणं-जाणं बरोबरीत राहतं का? आणि ज्या मित्रांबरोबर आपण वीस वर्षं हसतो, त्यांच्यासमोर नेमकं या बाबतीत तोंड का उघडत नाही?

---

काठावरचा | सोमवार, रात्री ११:५८

चौदा वर्षं, रोज रात्री दीड तास फोन, आणि म्हणे मैत्री. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या), पण साहेब, या सगळ्या वाटा शेवटी एकाच गावाला जातात. बसलोय पहिल्या रांगेत.

---

निळीशाई | मंगळवार, सकाळी ७:१५

@काठावरचा, तो प्रश्न उकरायचा नाही असं धागाकर्त्याने शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय. तिथपर्यंत वाचायचे कष्ट घेतले असते तर बरं झालं असतं.

@अर्धविराम, मी तुमच्या मैत्रिणीच्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून लिहिते. एके काळी माझ्याकडे तिघांची रात्रपाळी होती. तिघेही एकमेकांचे मित्र. दर रविवारी सकाळी एकत्र खेळायचे. एकाचं लग्न मोडायच्या बेतात होतं, एकाला भावाने धंद्यात फसवलं होतं, तिसऱ्याला नुसतंच उदास वाटायचं आणि त्याला कारणही सापडत नव्हतं. तिघेही मला फोन करायचे आणि तिघेही शेवटी एकच वाक्य बोलायचे: 'बाकीच्यांना सांगू नकोस हं.'

गंमत बघा, तीन जण रविवारी शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांना शिव्या घालतायत, टाळ्या देतायत, आणि त्यांच्यातला प्रत्येक जण आतून कुठे दुखावलाय हे जगात एकटी मी जाणते. तेव्हा मला याचा अभिमानही वाटायचा, कबूल करते. आपण कुणाला तरी इतक्या जवळच्या आहोत, ही भावना चढते माणसाला. ती उतरली तेव्हा लक्षात आलं, की माझ्या स्वतःच्या वाईट काळात मी त्यातल्या एकालाही फोन केला नाही. मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंच असतं, माणसं वाईट नव्हती. पण आमच्या नात्यात माझी बाजूच तयार झाली नव्हती. मी बोलायला लागले की त्यांना वाटायचं हिचं नेहमीसारखं चाललंय, ही सावरेल, हीच तर सावरणारी.

तुमच्या मैत्रिणीने ऑपरेशनचं का सांगितलं नाही, याचं उत्तर मला वाटतं इथे आहे. तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाहीये. तुम्ही कॉल मोजलेत, आमच्या तिघांपैकी एकानेही मोजले नव्हते.

---

शब्दखुळा | मंगळवार, सकाळी ९:०२

निळीशाई, 'रात्रपाळी' +१. यालाच हल्ली इमोशनल लेबर म्हणतात.

---

आकडेमोड | मंगळवार, सकाळी १०:३०

शब्दखुळा, किंचित दुरुस्ती. तो शब्द आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये रुळवला तो पगारी कामासाठी. विमानातल्या परिचारिकेने प्रवासी कितीही उद्धट असला तरी हसतमुख राहायचं, वसुली करणाऱ्याने कितीही दया आली तरी कठोर आवाज काढायचा. भावना हाच नोकरीचा भाग. मैत्रीत पगार नाही, सुट्टी नाही आणि राजीनामाही देता येत नाही, त्यामुळे निळीशाईंचा शब्दच जास्त बरोबर आहे.

मूळ प्रश्नाकडे. याच विषयावरचा एक जुना अभ्यास माझा आवडता आहे. लॅड व्हीलर, हॅरी रीस आणि जॉन नेझलेक या तिघांनी १९८३ मध्ये केलेला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना दोन आठवडे नोंद ठेवायला सांगितली: आज कुणाशी बोललो, किती वेळ, बोलणं कितपत मनापासूनचं होतं. मग त्याची सांगड प्रत्येकाच्या एकटेपणाशी घातली. निघालं ते असं, की मुलगा असो वा मुलगी, ज्यांचा वेळ मुलींबरोबर जास्त गेला त्यांना एकटेपणा कमी. मुलग्यांबरोबर किती वेळ घालवला याने फरक पडला नाही. मात्र त्याच नोंदींतून दुसरी गोष्टही दिसली होती, ती सांगायची राहते: समोर कुणीही असो, बोलणं मनापासूनचं झालं तर एकटेपणा कमीच होता. मुलग्यांशीसुद्धा. म्हणजे पुरुषाचा कान जन्मतः बिघडलेला नसतो, तो फारसा वापरला जात नाही इतकंच.

अलीकडचं हवं असेल तर अमेरिकेतलं २०२१ चं एक सर्वेक्षण आहे. 'गेल्या आठवड्यात मित्राकडून किंवा मैत्रिणीकडून भावनिक आधार मिळाला का?' याला ४१ टक्के स्त्रियांनी हो म्हटलं, पुरुषांपैकी २१ टक्क्यांनी. आणि एकही जवळचा मित्र नाही असं सांगणारे पुरुष १९९० मध्ये ३ टक्के होते, ते १५ टक्के झाले. तिथले आकडे सगळीकडे जसेच्या तसे लावू नयेत, हे माझं नेहमीचं पालुपद.

---

हातोडी | मंगळवार, दुपारी १:२०

मला या धाग्याचा सूरच पटत नाहीये. आधार म्हणजे बोलणं, असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. कुणी ठरवलं?

माझा घटस्फोट झाला तेव्हा मी रिकाम्या घरात राहायला गेलो. सामान खोक्यांत. एका शनिवारी माझा मित्र न सांगता आला. हातात ड्रिल मशीन. म्हणाला, 'कपाट लावायचंय ना तुझं?' सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत आम्ही ते कपाट लावलं. एक दार उलटं बसवलं, परत काढलं, परत लावलं. दिवसभरात घटस्फोटाचा शब्द निघाला नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, 'पुढच्या शनिवारी शेल्फ.' गेला.

त्या कपाटापुढे माझं रडगाणं ऐकणारी दहा माणसं फिकी आहेत. मी कोसळलोय हे त्याला माहीत होतं, त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि ते शब्दांत आणायची सक्ती नव्हती. यात काही कमी आहे असं मला तरी वाटत नाही. पुरुषांची मैत्री म्हणजे अर्धवट राहिलेली बायकांची मैत्री, असं धरून चालू नका.

---

आकडेमोड | मंगळवार, दुपारी २:०५

हातोडी, तुमच्या बाजूनेही पुरावा देतो. पॉल राइट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्येच हा फरक मांडला होता: बायकांची मैत्री समोरासमोर, पुरुषांची शेजारी शेजारी. त्यानेच पुढे असंही म्हटलं, की मैत्री जितकी मुरत जाते तितका हा फरक पुसट होतो.

आणि शब्दांशिवायच्या आधाराबद्दल: २००६ मध्ये जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूचं स्कॅन केलं, विजेचा हलका झटका बसणार अशी धास्ती दाखवून. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात जास्त शांत झाली. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडी झाली. कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

---

निळीशाई | मंगळवार, दुपारी २:४०

हातोडी, कपाट फार आवडलं. खरंच. असा मित्र असायला नशीब लागतं. एकच शंका. कपाट लागलं त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा तीन वाजता फोन कुणाला केलात?

---

हातोडी | मंगळवार, दुपारी ३:१०

मैत्रिणीला.

बरं, हरलो. पण कपाटाचं मागे घेणार नाही.

---

तिसरीखुर्ची | मंगळवार, रात्री ९:३०

या सगळ्यात एक माणूस कुणालाच दिसत नाहीये, म्हणून आज पहिल्यांदा लिहितेय. ती बायको. मी ती आहे. (धागाकर्त्याची नव्हे, घाबरू नका.)

माझ्या नवऱ्याची एक मैत्रीण आहे, आमच्या लग्नाच्या आधीपासूनची. चांगली बाई आहे. मला कधी तसला संशय आला नाही, आणि आला असता तर एक वेळ सोपं गेलं असतं. भांडता आलं असतं. जे झालं ते फार बारीक होतं. एका कार्यक्रमात ती भेटली आणि अगदी आपुलकीने म्हणाली, 'रिपोर्ट नॉर्मल आला ना, सुटलो बाई!' मला कुठला रिपोर्ट तेच माहीत नव्हतं. मी हसले. 'हो ना,' म्हटलं. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाही.

नवऱ्याचं म्हणणं, तुला काळजी नको म्हणून नाही सांगितलं. हे वाक्य ज्यांनी कुणी ऐकलंय त्यांना कळेल, ते किती दूर लोटणारं असतं. त्याला मी काळजीपासून वाचवायची वस्तू वाटले, आणि काळजी वाटून घ्यायचं माणूस दुसरंच होतं. अर्धविराम, तुम्ही लिहिलंय, 'होईल गं काहीतरी' या सुरात वावरायचो. तुमच्या बायकोला तो सूर खोटा आहे हे पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. आम्हाला कळतं. आम्ही बोलत नाही, कारण तुम्ही इतक्या मेहनतीने उभं केलेलं नाटक मोडवत नाही.

आमच्याकडे पासवर्ड मागणं, फोन तपासणं वगैरे झालं नाही. एकच गोष्ट ठरली, की शरीराची, पैशाची आणि मुलांची बातमी आधी घरात. मग जगात कुणालाही सांग, कितीही वेळ बोल. तो आजही तिच्याशी बोलतो, कधी कधी तासभर. मला त्रास होत नाही. ती माझी मैत्रीण झाली का? नाही झाली, आणि तसं व्हायची गरजही नाही. लोकांना ती फार हौस असते.

---

काठावरचा | मंगळवार, रात्री १०:१५

तिसरीखुर्ची, तुमच्या प्रतिसादानंतर माझी पहिल्या रांगेतली खुर्ची मागे घेतो.

---

पूर्वीचामी | मंगळवार, रात्री ११:५०

काठावरचा यांनी चेष्टेत काढलेला विषय टाळून चालणार नाही, कारण मी त्या गावाला जाऊन आलोय.

माझी जवळची मैत्रीण. वडील गेले तेव्हा सहा-सात महिने तिनेच मला धरून ठेवलं. आणि त्या काळात मला हळूहळू खात्री वाटायला लागली की हे प्रेम आहे. का नाही वाटणार? आयुष्यात इतकं नीट, इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलंच नव्हतं. प्रेयसीशिवाय कुणी असं ऐकतं, हेच मला ठाऊक नव्हतं. ती मध्यरात्री उत्तर देते म्हणजे तिलाही काहीतरी वाटत असणार, असं मी धरून चाललो. तिला झोप कमी होती, एवढाच त्याचा अर्थ होता.

मी बोललो. ती गप्प झाली आणि मग जे म्हणाली ते अजून टोचतं: 'म्हणजे आता मला प्रत्येक वेळी विचार करावा लागणार, की मी तुझं ऐकतेय त्याचा तू काय अर्थ लावतोयस.' तिचं चुकलं नव्हतं. दीड वर्ष आम्ही जवळपास बोललो नाही. आता बोलतो, पण नातं लहान झालंय. वाढदिवस, मुलांची शाळा, एवढंच.

नंतर कळलं की हे काही माझंच वेडेपण नव्हतं.

---

आकडेमोड | बुधवार, सकाळी ८:४५

पूर्वीचामी, नव्हतंच. एप्रिल ब्लेस्के-रेचेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कॉलेजमधल्या ८८ मित्र-मैत्रिणींच्या जोड्यांना वेगवेगळं बसवून विचारलं. मित्रांना मैत्रिणींबद्दल वाटणारं आकर्षण उलट बाजूपेक्षा जास्त निघालं, आणि तिलाही आपल्याबद्दल तसं वाटतं हा मित्रांचा अंदाज वास्तवापेक्षा बराच फुगलेला होता. मैत्रिणींचा अंदाज उलट दिशेला चुकत होता. म्हणजे दोघेही समोरच्याला आपल्यासारखंच समजत होते.

कॉलेजच्या वयाचे होते, हेही लक्षात घ्या.

---

दुहेरीवेणी | बुधवार, सकाळी ११:२०

सगळा धागा 'पुरुष रडतो, बाई ऐकते' एवढ्यातच फिरतोय, म्हणून उलटी बाजू मांडते.

माझा एक मित्र आहे. ऐकण्यात महाभयंकर. मी 'आज ऑफिसात' एवढं म्हणेपर्यंत याचे तीन उपाय तयार. सुरुवातीला डोकं फिरायचं. मग मी आधीच सांगायला लागले, 'आज उपाय नको.' मग तो इतका प्रामाणिकपणे गप्प बसतो की मला दर दोन मिनिटांनी 'आहेस ना?' विचारावं लागतं.

पण आता त्याची दुसरी बाजू. माझी जिवाभावाची मैत्रीण आणि मी, आम्ही दोघी मिळून माझ्या साहेबांविषयी एक वर्ष बोललो. एक वर्ष! तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, त्याने भुवई कशी उचलली, त्या भुवईचा अर्थ काय. प्रत्येक फोननंतर आम्ही दोघी एकमेकींच्या आणखी जवळ, आणि मी आणखी रसातळाला. एकदा हेच पुराण मित्राला सांगितलं. त्याने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, 'राजीनामा कधी देतेस?' मला इतका राग आला! दीड महिन्यात दिला.

आकडेमोड, याला काही नाव असेलच तुमच्याकडे.

---

आकडेमोड | बुधवार, सकाळी ११:५५

आहे! अमांडा रोझ यांचा २००२ चा अभ्यास, शाळकरी मुलामुलींवरचा. दोघांनी मिळून तेच ते उगाळत बसणं. त्याने मैत्री घट्ट होते आणि त्याच वेळी चिंता-उदासीही वाढलेली दिसते. मुलींमध्ये हे जास्त. तुमची भुवई तंतोतंत बसते त्यात.

---

शब्दखुळा | बुधवार, दुपारी १२:१०

'भुवईचा अर्थ काय' हे आमच्या घरातलं रोजचं सत्र आहे. पळतो.

---

खिडकीउघडी | बुधवार, दुपारी ४:००

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे. सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही, कारण मग व्यनि (व्यक्तिगत निरोप) सुरू होतात. एका वाक्यामुळे लिहावं लागतंय: 'बाकीच्यांना सांगू नकोस.'

हे वचन देताना ते कशाबद्दल आहे ते बघा. लग्न, पैसा, नोकरी, ठीक आहे, पोटात ठेवा. पण मित्राच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा यायला लागला, 'मी नसतो तर तुम्ही सगळे सुटलात' असलं काही यायला लागलं, आठवडेच्या आठवडे झोप-भूक गेली, पिणं वाढलं, वस्तू वाटून टाकणं सुरू झालं, तर ते वचन मोडायचं. सरळ विचारायचं, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. त्याला एकटं सोडू नका, घरच्या एका माणसाला सोबत घ्या, डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या, तातडीचं असेल तर हेल्पलाइनला फोन लावा. तो चिडेल. चिडू दे. जगभरात आत्महत्येने जाणाऱ्या पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीच्या आसपास आहे, आणि त्यातल्या कित्येकांनी दवाखान्याची पायरी चढलेली नसते, एखाद्या मैत्रिणीला मात्र काहीतरी अर्धवट सांगितलेलं असतं. ती मैत्रीण मग आयुष्यभर ते वाक्य घेऊन फिरते. माझ्याकडे अशा बायका येतात.

निळीशाई, तुमच्या त्या तिसऱ्या मित्राचं पुढे काय झालं? ज्याला कारण सापडत नव्हतं.

---

निळीशाई | बुधवार, संध्याकाळी ६:३०

त्याच्या बहिणीला मी सांगितलं. वर्षभर माझ्याशी बोलला नाही. औषधं सुरू झाली, आता बरा आहे. रविवारी खेळतो.

---

जुनाखांब | बुधवार, रात्री ८:१०

तुम्हा तरुण मंडळींचं वाचून एक आठवण सांगाविशी वाटते. माझं वय ६८. एका सहकारी बाईंशी माझी पस्तीस वर्षांची मैत्री आहे. आम्ही आजही एकमेकांना अहो-जाहोच करतो. एकदा मुलीने विचारलं, 'बाबा, इतक्या जवळच्या मैत्रिणीला अहो कसं म्हणता?' मी म्हटलं, त्या 'अहो'मुळेच तर इतकी वर्षं निभावलं. पूर्वी लोक बघायचेच, आणि 'बहिणीसारखी आहे' असं म्हणून सुटका करून घ्यायची पद्धत होती. आम्ही दोघांनी ते कधी म्हटलं नाही. मैत्रीला मैत्रीच म्हटलं आणि लोकांना बघू दिलं.

माझी पत्नी गेली तेव्हा या बाई रोज संध्याकाळी सहाला फोन करत. सांत्वनाचं काही नाही. एकच प्रश्न, 'आज काय काय केलंत?' पहिले काही दिवस मी म्हणायचो, काही नाही केलं. मग लाजेने काहीतरी करायला लागलो, सहा वाजता सांगायला हवं म्हणून. बागेत पाणी घातलं, बँकेत गेलो, पत्नीचं कपाट उघडलं, बंद केलं. पाच महिने हे चाललं. एक दिवस म्हणाल्या, 'आता उद्यापासून मी करणार नाही. तुम्ही करा.' मला फार लागलं. दोन दिवस मी केला नाही. तिसऱ्या दिवशी केला आणि विचारलं, 'आज काय काय केलंत?' त्यांचा गुडघा किती दिवस दुखत होता, ते मला तेव्हा कळलं.

अर्धविराम, तुमच्या मैत्रिणीचा मेसेज मला तसाच वाटतो.

---

दुहेरीवेणी | बुधवार, रात्री ८:२५

काका, दंडवत.

---

काठावरचा | बुधवार, रात्री ९:००

'निखळ मैत्री नसतेच' हे मागे घेतो. 'अवघड असते' यावर ठाम आहे. पूर्वीचामी साक्षीला.

---

अर्धविराम (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री १०:५०

चार दिवस उत्तर दिलं नाही. वाचत होतो, प्रत्येक प्रतिसाद दोन-तीनदा.

जुनाखांब काका, तुमचं वाचून तिला मेसेज केला. आधी चार परिच्छेदांचं माफीपत्र लिहिलं होतं. वाचून बघितलं तर त्यातही माझंच दुःख, मला किती अपराधी वाटतंय वगैरे. म्हणजे तेही तिनेच ऐकून घ्यायचं! खोडलं आणि एवढंच लिहिलं, 'आई कशी आहे? कळलं मला. उशिरा विचारतोय.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'चालायला लागली. शनिवारी ये भेटायला. नोकरीचा विषय काढलास तर हाकलून देईन.' उद्या जातोय.

दुसरं. काल मित्राला फोन केला, सीव्ही फिरवणाऱ्याला. कारण काहीच नव्हतं, त्यामुळे पहिली दोन मिनिटं दोघेही चाचपडत होतो. तो सारखा 'बोल ना, काय काम होतं?' शेवटी मी म्हटलं, काम नाही, बरं वाटत नाहीये, बरेच महिने झाले. पलीकडे शांतता. मला वाटलं आता थाप येणार. तो म्हणाला, 'थांब, गाडी बाजूला घेतो.'

पस्तीस मिनिटं बोललो. त्याने मध्ये तीनदा उपाय सुचवले, दुहेरीवेणी, पण हरकत नाही. शेवटी तो म्हणाला की दोन वर्षांपूर्वी त्याचंही असंच झालं होतं. मी विचारलं, तेव्हा बोलला का नाहीस? म्हणाला, 'तू क्रिकेटवर गेलास.'

हे मला अजिबात आठवत नाही.

---

हातोडी | शुक्रवार, रात्री ११:०५

'गाडी बाजूला घेतो.' बास. याच्यापुढे माझं कपाट दुसऱ्या नंबरावर.

---

तिसरीखुर्ची | शुक्रवार, रात्री ११:१२

आणि घरी?

---

अर्धविराम (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री ११:३०

हे टाइप करत होतो तेवढ्यात बायको येऊन विचारून गेली, इतक्या रात्री कुणाशी बोलतोयस. सांगायला सुरुवात केली, पण शब्द जुळेनात, तेव्हा लॅपटॉप तिच्याकडे वळवला. हे फोनवरून लिहितोय. ती वाचतेय. काही बोलली नाही अजून. तुमच्या प्रतिसादापर्यंत आलीय, तिसरीखुर्ची, आणि तिथेच थांबलीय.